वगळलेली एक नोंद

ट्रोमसोत जानेवारीत दिवस उगवत नाही,
बाराच्या सुमारास आभाळ जरा निळसर होतं
आणि पुन्हा विचार बदलतं.
त्या निळसर तासात मी आकडे निवडायला बसते,
सुपात तांदूळ निवडावेत तसे:
हा सहाशे चाळीस, हा सातशे दोन,
हा नव्वद, म्हणजे शब्द वाचायच्या आधीच बोट घसरलं, बाजूला.
सगळं मिलिसेकंदांत.
माणसं साठीच्या पुढची, एकूण चौऱ्याऐंशी,
अर्धी जूनमध्ये बोलावलेली, अर्धी या काळोखात,
कोण कधी येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं.

प्रश्न साधा.
पडद्यावर शब्द येतो. मघाच्या यादीत होता का?
होता तर डावी कळ, नवा असेल तर उजवी.
काळोखात आठवायला जास्त वेळ लागतो, हे आमचं गृहीतक;
काही फरक पडत नाही, हे त्याच्यासमोर उभं केलेलं दुसरं,
ज्याच्यावर आमचा विश्वास नाही
पण ज्याला आधी बोलू द्यायचं असतं.

सहभागी एकतीस.
नाव फाइलमध्ये नसतं, पद्धतच तशी.
पण त्या दिवशी तिचा कोट मीच टांगला होता,
कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेलं: ओड्नी.
सत्तावीस शब्द तिने पटापट उडवले,
खिडकी, साबण, शिडी, मीठ.
अठ्ठाविसावा शब्द होडी.

अकरा सेकंद.

अकरा हजार दोनशे सहा, नेमकं सांगायचं तर.
काचेच्या या बाजूने मला फक्त तिची पाठ दिसत होती
आणि कळीवर न टेकलेलं बोट.
मग तिने उजवी दाबली. नवा.
चूक. होडी यादीत होती, चौथी.

बाहेर येऊन कोट घालताना म्हणाली, जमलं का मला?
शिकवलंय तसं मी म्हणाले,
यात बरोबर-चूक काही नसतं.
दोनशे क्रोनरचं कुपन दिलं, सही घेतली.

आता आलेखावर ती एक ठिपका आहे,
घोळक्यापासून इतका दूर
की पानावर मावण्यासाठी बाकीच्यांना आकसावं लागतं.
गंमत म्हणजे बाजू ती आमचीच घेते: काळोख, उशीर.
पण साक्षीदाराने इतकं ओरडू नये की खटलाच बिघडावा.
विचलन फुगतं. ती असली तर पी शून्य दशांश शून्य सहा,
नसली तर शून्य चार.
आणि मध्ये पाचची ती चुन्याची रेघ,
अलीकडे शोधनिबंध, पलीकडे ड्रॉवर.

सिग्रुन म्हणते, नियम काढ.
नियम गेल्या मार्चचा, तारखेसकट कुलूपबंद,
एकही माणूस दारातून आत येण्याआधी लिहिलेला:
सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडची नोंद वगळावी.
"म्हणूनच लिहिला ना तो?
माझी हाव आत शिरू नये,
आणि तुझी दयाही."

तिचं बरोबर आहे.
मला राग येतो तो त्याचाच.

शितावरून भाताची परीक्षा होते,
भातावरून शिताची नाही.
उरलेल्या त्र्याऐंशी जणांची सरासरी मला सांगू शकत नाही
त्या अकरा सेकंदांत ओड्नी कुठे होती.
कदाचित कुठेच नाही. चष्मा धुरकटला असेल,
नाक खाजलं असेल.
समुद्रावरून कुणी परतलं नाही, ही गोष्ट मीच रचतेय,
एका ठिपक्यातून रेघ काढता येत नाही
हे पहिल्याच सत्रात शिकलेले असताना.

वगळली.
दुसऱ्या तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप:
एक नोंद नियमानुसार वगळली आहे;
ती धरून केलेलं गणित परिशिष्टात.
परिशिष्ट कोण वाचतं.

मग उगाचच जूनच्या फाइलीत होडी शोधली.
सहाशे दहा. सहाशे पंचावन्न. पाचशे नव्वद.
सगळे आपापल्या मिलिसेकंदांत
डावी कळ दाबून म्हणत होते,
होडी होती.