रकाना सात

ओकच्या पिंपांबरोबर आली.
तिसऱ्या पिंपाच्या बुडाला, लोखंडी पट्ट्याच्या आडोशाला
पिवळट रेशमाची गाठ, बोराएवढी.
पुंजाराम म्हणाला, बुरशी आहे मॅडम, फडक्यानं पुसतो.
मी म्हटलं, थांब.
बुरशी विणत नाही.

भिंगाखाली धाग्यांवर धागे,
घाई कुठेच नाही,
आणि वरून चिकटवलेला लाकडाचा भुसा,
दृष्ट लागू नये म्हणून लावावं तसा.

सरांना फोटो पाठवला. रात्री त्यांचा फोन.
बागकोळी आहे, म्हणाले, तिकडे कुंपणाकुंपणाला असते.
मादीच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांचा क्रूस.
रोज रात्री जुनं जाळं खाऊन टाकते, पहाटे नवं.
पावसाळी सप्टेंबरात अंडी घालते,
मग गाठीशेजारी बसून राहते, पोट आक्रसत जातं,
पहिल्या हिवात गळून पडते.
पिलं आईला बघत नाहीत.
अंड्यांना हिवाळा लागतो बरं का,
तो सोसल्याशिवाय त्यांना उठता येत नाही.
मग जरा थांबून:
बाहेर सोडू नका.

मोहाडीत हिवाळा कुठून आणायचा?
इथे तर द्राक्षवेलीलाही झोप नाही.
ती तिकडची, चार महिने बर्फात निजणारी;
आम्ही तिला एप्रिलात खरडून काढतो,
ऑक्टोबरात पुन्हा छाटतो,
काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतो: ऊठ.
आणि ती उठते, बिचारी,
वर्षातून दोनदा.

बरणीच्या तोंडाला मलमल बांधली
आणि खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवली.
नियमात बसत नव्हतं.
जानेवारीत निफाडचा पारा चारवर आला.
पहाटे तीनला बागाबागांतून शेकोट्या,
छाटणीच्या काड्या, उसाचं पाचट, कुणी टायरसुद्धा;
धुराची गोधडी ओढून
घड वाचवत होते लोक.
सगळा तालुका थंडी हाकलत होता
आणि मी एकटी
बरणीला म्हणत होते, घे. घे पोटभर.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी
मलमलीखाली सोन्याचा गोळा.
मोहरीहून बारीक पिलं, पिवळी,
प्रत्येकाच्या पाठीवर काळा डाग,
एकमेकांच्या पायांत पाय घालून लटकलेली.
काचेवर टिचकी मारली
की गोळा फुटायचा, बाजरीचं कणीस झटकल्यासारखा,
आणि पाच-सात मिनिटांत
पुन्हा जमायचा. कुणी शिकवलं?
पुंजारामनं चार वेळा टिचकी मारली.
पाचव्यांदा मीच त्याचा हात धरला.

बाहेर मांडवाच्या तारेवर
आपला गावठी कोळी बसला होता,
जाळ्याच्या मध्यात स्वतःची फुली विणून.
एकाचा क्रूस पाठीवर, एकाची फुली जाळ्यात.
मध्ये एक काच.

आता त्यांना वारा लागणार होता.
गवताच्या टोकावर चढायचं,
पोट वर करायचं, धागा सोडायचा,
आणि धाग्याला ओढ लागली की पाय सोडायचे.
बरणीत वारा नाही.
तरी दोन-चार पिलं मलमलीला उलटी टांगून
पोट वर करून बसली होती.

उणे वीस अंश, बहात्तर तास.
फ्रीजरमध्ये खालच्या कप्प्यात, यीस्टच्या पाकिटांच्या मागे.
हिवाळा मीच दिला होता,
हाही मीच दिला.
चौथ्या दिवशी बरणी काढली.
गोळा तसाच होता.
टिचकी मारली.

सुईच्या टोकानं मोजत बसले, दुपारचा डबा तसाच.
तीनशे सत्त्याऐंशी.
एकदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून.

मग तो फॉर्म.
रकाना एक, नाव. दोन, संख्या.
तीन, कशासोबत आले. लिहिलं.
रकाना सात: मूळ ठिकाण.
पुंजाराम म्हणाला, फ्रान्स लिहा की, त्यात काय.
पेन उचललं. ठेवलं.
आमच्या आत्याच्या दाखल्यावर
जन्मगाव म्हणून माहेरचं नाही, आजोळचं नाही,
जिथे बैलगाडी थांबवावी लागली त्या खेड्याचं नाव आहे.

लिहिलं:
अंडी, बोर्दो.
जन्म, मु. पो. मोहाडी, ता. दिंडोरी, जि. नाशिक.

फॉर्म परत आला आहे.
रकाना सातभोवती लाल पेन्सिलीचा गोल,
आणि शेजारी: एकच ठिकाण लिहावे.