घोड्याला पाणी कुणी पाजलं?

जतच्या तंबूत, पडद्यावर
तीन दिवस घोडा पळाला.
शेजारी दस्तगीर नालबंद पुटपुटला,
"ह्याला पाणी कुणी पाजलं?"

पुढं, ज्या गावानं दगड मारून हाकललं
त्याच गावासाठी तो टोपीवाला
सात जणांवर एकटा चालून गेला.
"का पण? बायको नाय, जमीन नाय,
कुणाची उधारीसुद्धा नाय!"

"गप की चाचा," मागनं कुणीतरी.

शेवटी तो मावळतीकडं निघाला.
गाणं नाही, काही नाही, नुसता फुफाटा.
"पुढचा डावा नाल सैल हाय," दस्तगीर म्हणाला,
"ओढ्यापल्याड लंगडणार."

बाहेर आलो. रात्रीचा एक.
गावात आता घोडा एकच, वरातीचा.
दस्तगीरचं दुकान कधीच बंद.
तरी चालताना त्याच्या खिशात
नालाचे खिळे वाजत होते.
का, हे काय मी विचारलं नाही.