शेवटची चाळीस पानं

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात
रानवा रात्रपाळीला कॉड चिरते,
आणि जेवणाच्या सुट्टीत, हातमोजे काढून,
एका राज्याला वेढा घालते.

विचारलं, हे शिकलीस कुठं?
म्हणाली, वाचनालयाच्या रद्दीत.
जाडजूड पुस्तक, शाप, ड्रॅगन, तीन भाऊ,
पण शेवटची चाळीस पानं कुणीतरी फाडलेली.
धाकटा पुलावर उभा. पूल जळतोय. बस्स.
ती तेव्हा बारा वर्षांची.

दुसरं पुस्तक बापाचं : बोटीची नोंदवही.
वारा, खोली, हॅडॉकच्या पेट्या किती.
एका पानावर फक्त, ‘हानुस परत आला नाही.’
खालच्या ओळीत पुन्हा वारा.
युद्ध कसं लिहायचं ते तिथं कळलं, म्हणते.

परवा ते पहिलं पुस्तक तिला अख्खं मिळालं,
तोर्शाव्नच्या जुन्या बाजारात.
घरी आणलं. उघडलं नाही.
‘वीस वर्षं त्याला पुलावरून उतरवतेय मी,
आता आयता उतरलेला बघू?’

भोंगा झाला.
तिनं हातमोजे चढवले.
वहीत एक खवला चिकटून राहिलाय,
नकाशावर जिथं तळं नव्हतं
तिथं.