परमिट

पोरगं आधी माझ्याच दारात आलं.
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
पण ऐनपुरात तारेला काही झालं की
लोकांना अजून बोंडे वायरमनच आठवतो.

वैशाख. दुपारचे साडेतीन. बाहेर सत्तेचाळीस.
केळीच्या मळ्याला लागून हळदीचा मांडव.
फीडर एकदा झटका खाऊन परत सुरू झालेला,
डीजेवाला ॲम्प्लिफायर हुंगत बसलेला,
आणि अकरा के.व्ही.च्या मधल्या तारेला
लोकेशचं ड्रोन,
एक पाय अडकलेला, बाकी सगळं उलटं,
वटवाघळासारखं.

लोकेशच्या हातात बांबू होता,
घडाला टेकू देतात तो. हिरवा. ओला.
मी त्याचं मनगट धरलं,
बहुतेक जास्तच जोरात.

"काका, अडीचशे ग्रॅमच्या आतलं हाये ते.
याले लायसन नही लागत. परीक्षा नही, काही नही."

अडीचशे ग्रॅम.
भरताचं वांगं याहून जड भरतं.
पण वांगं घोडीच्या कानाशी येऊन
भणभणत नाही.
वांग्याला मागच्या न्हाणीतली बाई
वरून दिसत नाही.

मी सबस्टेशनला फोन लावला.

परमिट म्हटलं की लोकांना कागद वाटतो.
आमच्यात तो आवाज असतो.
पलीकडचा म्हणतो,
लाईन बंद केली, बोर्ड लावला, चावी माझ्या खिशात.
आपण तेच त्याला परत म्हणून दाखवायचं,
शब्दाला शब्द.
मगच हात वर जातो.

चढली ती वैजयंता, नवीन पोस्टिंगवाली.
आधी रॉड लावला, अर्थिंग केलं,
मग ते यंत्र काढलं, जणू फांदीवरून पतंग.
मी खाली. माझं परमिट संपलेलं.
तळवे शिवशिवत होते, खोटं का बोलू.
लोकेशचेही असेच शिवशिवत असणार
रिमोटवर.

मग त्यानं मोबाइलवर दाखवलं
अडकण्याआधीचं सगळं.
सुकी नदीचं पांढरं पात्र,
केळीचे चौकोन, मांडवाचं लाल कापड,
आणि माझे खांब.
छत्तीस वर्षं मी ते
एक तर खालून पाहिले, नाहीतर मिठी मारून.
वरून ते धावदोऱ्याचे टाके होते.
एक टाका वाकडा.
न सांगता ओळखला.

सुपडू तडवीकडे लायसन होतं.
त्या दिवशीही खिशात होतं, लॅमिनेट केलेलं.
पंचनाम्यात तसं लिहिलंय: परवाना एक, सुस्थितीत.
फोनवरचं एक वाक्य
परत म्हणायचं राहून गेलं होतं, एवढंच.

"मंग सांगा ना काका, पाहिजे का लायसन?"

पाहिजे, म्हणायला तोंड उघडलं
आणि आठवलं,
मला स्वतःला परवाना मिळाला तो
खांबावर चढायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी.
त्याआधी उस्तादानं
महिनाभर पक्कडसुद्धा हातात दिली नव्हती.
नुसतं मान वर करून बघ म्हणायचा.
मान दुखायची. शिव्या यायच्या तोंडात.

"तरी पाहिजे," म्हटलं. "पण तेवढ्यानं भागत नाही."
"म्हंजे?"
"उद्या सकाळी सहाला ये. मशीन घरी ठेव."

आला. डोळे चोळत, पण आला.
आम्ही खांब मोजत निघालो, एकेकाशी थांबून:
इथं तार झोळलीय, इथं कावळ्यानं
घरट्यात लोखंडी तार आणून ठेवलीय,
इथून पुढे शाळेचं मैदान.
सातव्या खांबाशी म्हणाला,
"काका, अजून किती?"

एकशे बारा, म्हटलं.
वाकडा तो एक्केचाळिसावा.
तिथे चहा पिऊ.