नववा फेरा

माझ्या खांद्यावरची चावी
तुमच्या घराच्या चावीसारखी नाही.
साडेचार फूट लोखंड, वर आडवा दांडा.
शेजारचं पोर विचारतं,
काका, ही कुठल्या राक्षसाच्या कुलपाची?
मी म्हणतो, तो रस्त्याखाली राहतो.

सव्वीस वर्षं हे शहर मी
फेऱ्यांनी मोजलं.
टेकडीवरच्या टाकीपासून खाली
कॉलनीला बावीस फेरे,
नव्या टॉवरना एकतीस,
मानखुर्दच्या खाडीलगत नऊ.
नववा जड जातो. स्पिंडल झिजलंय.
बदलायची फाईल अजून वरच आहे,
मी त्याआधी घरी जाईन.

कोणाला किती, ते मी ठरवत नाही.
कागद ठरवतो. कागदाला कोण सांगतं
हे विचारायची माझी ग्रेड नाही.
कधी रात्री फोन येतो,
तांडेल साहेब, आवाज अर्धा झोपेत:
टॉवरवाल्यांकडे पूजा आहे रे, दोन फेरे बघ.
मी दोन फेरे बघतो.
इकडे दोन वाढले की
तिकडचे दोन जातात,
एवढा हिशोब चौथी नापासालाही येतो.

तिकडे म्हणजे शेवंता खरटमोलकडे.
तिच्या गल्लीला नळ नाही,
कायद्याने ती गल्लीच नाही,
तारखेच्या पुढे वसली म्हणून.
अलीकडच्या नळाला काळा पाईप, पाईपला पंप,
पंपाला भाडं, भाड्याला दादा.
टॉवरमधल्या माणसापेक्षा
ती पाण्याला जास्त मोजते,
आणि हंडा कमरेवर असतो तो वेगळाच.

तिच्याकडे एक वही आहे,
मुलाची जुनी, गणिताची, चौकटींची.
३:४० ते ३:५१. पिवळं.
आलं नाही.
आलं नाही. नुसती हवा.
४:०५. शेजारी मयत, त्यांना भरू दिलं.

वॉर्डात सुनावणी होती.
ती वही घेऊन आली, मी रजिस्टर.
त्याच तारखांपुढे माझ्या अक्षरात
वर एकदा 'पुरवठा सुरळीत'
आणि खाली पानभर
फक्त वरीलप्रमाणेच्या खुणा,
पागोळ्यांसारख्या.

वहीवर शिक्का नव्हता.
साहेब म्हणाले, बाई, पुरावा आणा.
ती म्हणाली, होता साहेब,
पोरांनी पिऊन टाकला.
सगळे हसले.
मीही हसलो, ते मला अजून पचलेलं नाही.

जाताना तिने पॅसेजमधल्या कूलरवर
दोन बाटल्या भरून घेतल्या.
मला म्हणाली, दांडा फिरवताना
हाताला कळतं का हो, पाणी कुठं चाललंय?
कळतं, मी म्हणालो.
टॉवरकडे जाताना दांडा थरथरतो.
आणि आमच्याकडं?
मी चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

मी राहतो दिव्याला.
तिथल्या चावीवाल्याचं तोंड मी पाहिलेलं नाही.
बायको रोज पहाटे रिकाम्या पिंपाशी उभी राहून
त्याच्या सात पिढ्या उद्धरते.
मी पांघरुणात ऐकत पडतो.

शेवटच्या महिन्यात मी वही मागून घेतली.
रोज रात्री, चौकीतल्या बल्बखाली,
तिचे आकडे माझ्या रजिस्टरात उतरवले.
हवा आली तिथे हवा,
पिवळं तिथे पिवळं.
मयतसुद्धा.
पानाच्या कोपऱ्यात शिक्का होताच, आधीपासून.
क्लार्कने विचारलं, हे काय?
म्हटलं, नोंद.
त्याने पान उलटलं. पुढे काय होईल, माहीत नाही.
रजिस्टर कोण वाचतं?

माझ्या जागी फैजान आलाय, कंत्राटी,
गणवेश अजून मिळायचाय.
त्याला झाकण उचलायला शिकवलं,
खड्ड्यातला चिखल उपसायला,
कान लावायला.
खाडीच्या व्हॉल्व्हवर तो मोजत होता,
सात, आठ, आणि मध्येच थांबला:
नऊच का, चाचा?

सव्वीस वर्षांत हे
मी कोणालाच विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, नववा जड जातो.
दोन्ही हातांनी धर.