ताकद

वेत आधी जाळावर धरायचा.
साल करपता कामा नये, ओल मात्र निघाली पाहिजे.
बाप हे सांगायचा आणि सांगता सांगताच मारायचा.
बांटायन बेटावर मैलभर मासळी वाळत पडलेली,
त्या वासात मी पहिला वार अडवला,
दुसरा बोटांवर घेतला.
"काठीकडे काय बघतोस? काठी खोटं बोलते.
खांद्याकडे बघ."
डावी करंगळी अजून सरळ होत नाही.

एकोणिसाव्या वर्षी जहाजावर चढलो. खलाशी नव्हे, स्वयंपाकी.
बंदराला लागलं की बाकीचे जिथं जायचे तिथं मी जात नसे.
(एकदा गेलो. पानिंगला माहीत आहे.)
मी विचारत हिंडायचो, इथं कुस्ती कुठं चालते?

कोबेला इंजिन उघडून ठेवलेलं, आम्ही अडकलेलो.
हिराबायाशी नावाचे म्हातारे सहा आठवडे
मला नुसते पाडत राहिले.
सातव्यात त्यांनी मला त्यांना पाडू दिलं
आणि कपडे झटकत म्हणाले,
"ताकद लावलीस. पुन्हा."

साल्वादोरच्या जोसेनिल्दाबाई माझ्या पायांकडे बघून हसल्या.
चुलीपुढे उभे राहून सुजलेले हे पाय,
यांना झुलायला कोण शिकवणार?
शिकवलं त्यांनीच, दर खेपेला थोडं थोडं,
आणि दर खेपेला मी निम्मं विसरून परतायचो.
मार्सेलचं काही आठवत नाही.
गास्तोंच्या बुटाचं टोक आठवतं, आणि ही बरगडी.

जिथं गेलो तिथं आधीचं शिकलेलं आड आलं.
काठीचे पाय कोबेच्या चटईवर नडले,
चटईवर कमावलेली कंबर डाकारच्या वाळूत रुतली.
तिथं मोमार होता, अंगाला दूध चोळलेला, दंडात ताईत.
त्यानं मला पिठाच्या पोत्यासारखं उचललं, चार पावलं चालला,
आणि काय मनात आलं कुणास ठाऊक,
आपटलं नाही. ठेवलं.
बघे ओरडत होते. मी त्या हातांचाच विचार करत राहिलो.
एक कंबरेमागे, एक गुडघ्यांखाली.

चव्वेचाळिसाव्या वर्षीही मी कुठंतरी पोरांच्या रांगेत
शेवटचा उभा होतो, पांढरा पट्टा उलटा बांधून.

पन्नास वर्षं शिकलो म्हणतात लोक.
खरं सांगू? एकच गोष्ट शिकलो.
माणूस कुठं कुठं मोडतो.
मनगट कुठल्या अंशाला, कोपर कुठल्या बाजूला,
कुठं अंगठा रोवला की उभा गडी गुडघ्यावर येतो.

गेल्या फेब्रुवारीत पानिंगची उजवी बाजू गेली.
नर्सनं दाखवलं, काखेत हात घालून ओढायचं.
पानिंग किंचाळली.
मी म्हटलं, सरका.

गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवले.
खांद्याकडे बघत राहिलो, तो सैल होईपर्यंत.
तिनं श्वास सोडला, तेवढ्यात कंबर खाली नेली,
एक हात मागे, एक खाली,
वळलो,
आणि ठेवलं.
खुर्ची करकरलीसुद्धा नाही.
अंघोळ घालताना मनगट धरतो तेव्हा
अंगठा त्याच जागी जातो, सवयीनं.
तिथं तो फक्त टेकवायचा असतो.

पानिंग बराच वेळ बघत राहिली.
मग अर्ध्या तोंडानं, एकेक अक्षर गोळा करत,
"हे... कुठल्या... बंदरातलं?"

दिवसातून चार वेळा उचलतो.
परवा चुकलो. घाई होती, वरण उतू चाललेलं.
दोघंही जमिनीवर, ती माझ्या छातीवर.
पडायचं कसं तेवढं मला येतं, म्हणून तिला काही लागलं नाही.
चुलीवर करपल्याचा वास. नळ चालू.
कोबेची गोष्ट तिनं शंभरदा ऐकलेली.

"ताकद लावलीस," म्हणाली.