पावती

शुब्राच्या या गल्लीतली पाच मजली इमारत माझी आहे,
असं कागद म्हणतो.
बाबांनी बांधली, तांताकडचा कापसाचा तुकडा विकून.
माझं नाव ठेवलं इन्साफ,
आणि गेले.

चौथ्या मजल्याचं भाडं सात पौंड तीस पियास्तर.
ठरलं तेव्हा त्यात महिन्याचं मटण यायचं.
आता किलोभर टोमॅटो येत नाहीत.
पावतीपुस्तक मात्र मी बाजारभावानेच घेते,
कागदवाल्याचा भाव कुणी बांधून दिलेला नाही.

दुसऱ्या मजल्याला वीस वर्षं कुलूप.
डॉक्टर नसीम वारले, मुलगा माँट्रियलला,
भाडं वकिलाकडून येतं, एक तारखेला, न चुकता.
चुकलं तर घर माझं होईल,
हे त्याला तिथल्या बर्फातही आठवतं.
त्या खिडकीत कबुतरं राहतात. तीही जुन्या दराने.

आणि माझी नात मिरेत
शहराबाहेर दोन खोल्यांना अर्धा पगार मोजते,
दोन तास मायक्रोबसमध्ये उभी.
"तेता, तुझी एवढी मोठी इमारत," म्हणते,
आणि पुढचं बोलत नाही.

मागच्या महिन्यात नोटीस आली.
सज्जा धोकादायक, तीस दिवसांत दुरुस्त करा.
वर ठळक अक्षरात: मालक.
भाडं ठरवताना ज्यांना मी दिसले नाही
त्यांना पडका सज्जा घेऊन मी बरोबर सापडले.

लिफ्ट कधीची तिसऱ्या-चौथ्याच्या मधे अडकलेली.
मी जिन्याने चढते, कठड्याला धरून,
दर वळणावर थांबत.
करीमा दार उघडते. माझ्याच वयाची, विधवा,
पेन्शन औषधांत जाते.
हिला काढा असं मी कधी म्हटलं नाही.
मला विचारलंही नाही कुणी.

ती वेलची घालून कॉफी करते.
मी मनात हिशोब करते:
बन, साखर, गॅस.
भाड्यापेक्षा कॉफी महाग.
तिलाही ठाऊक आहे. कप भरून देते.

"गुडघे बघ तुझे," म्हणते. "वर्षाचं एकदम घेऊन जा."
मी नको म्हणते.
कार्बन सरळ करते, तारीख घालते,
सात पौंड तीस, मिळाले,
आणि खाली सही करते,
मालकीण म्हणून,
पूर्ण नावानिशी.